शून्याच्या पुढे पाऊण फेरा

तिसऱ्या पुशरॉडनं प्रतिमाला काहीच सांगितलं नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात ती सळई धरून ती फिरवत होती, उजव्या हातातल्या पान्यानं वरचा नट हळूहळू आवळत होती आणि नेहमीसारखी वाट पाहत होती, की आता लागेल, आता लागेल. सळई फिरत राहिली. नट पाव फेरा खाली गेला, आणखी अर्धा गेला, आणि मग एकदम सळई फिरेनाशीच झाली. म्हणजे मधला तो क्षण, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, येऊन निघूनही गेला होता आणि तिच्या बोटांना त्याचा पत्ता नव्हता. तिनं नट सैल केला, बोटं फडक्याला पुसली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. थंडी, ती मनाशी म्हणाली, आणि म्हणताम्हणताच गप्प झाली, कारण फेब्रुवारी संपत आला होता. लखनौबाहेर बख्शी का तालाबच्या त्या शेतावर गव्हाला ओंब्या धरल्या होत्या, पत्र्याची शेड आतून तापायला लागली होती, आणि दाराबाहेर बाजेवर तिचा नवरा नरहर स्वेटर काढून, बनियनवर, मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसला होता. दिवाळीपासून तिनं सगळा दोष थंडीवर ढकलला होता. बिचाऱ्या थंडीनंही तो चार महिने निमूट सोसला. आज तीही उरली नव्हती.

ज्याला या कामाची ओळख नाही त्याला वाटेल, एवढं काय त्यात. गाडीच्या इंजिनात आठ सिलिंडर, सोळा झडपा. प्रत्येक झडपेला एक सळई, सळईच्या बुडाशी लिफ्टर, म्हणजे अंगठ्याएवढी तेलाची डबी, आणि डबीत स्प्रिंगवर बसलेला दट्ट्या. वरचा नट आवळत आणला की आधी सळईचा सैलपणा संपतो. सैलपणा संपलाय आणि दाब अजून सुरू झालेला नाही, त्या जागेला शून्य म्हणायचं. तिथून पुढे नट पाऊण फेरा आवळला की दट्ट्या डबीत जरासा आत जाऊन बसतो, आणि मग इंजिन तापो, निवो, झिजो, कमीजास्त होईल ते तेल सांभाळून घेतं. कमी आवळलं तर टिक-टिक वाजतं. फार आवळलं तर झडप पुरती मिटतच नाही. पाऊण फेरा कुणीही मोजेल, पण तो जिथून मोजायचा ते शून्य बोटांना कळावं लागतं. सळई फिरताफिरता किंचित जड होते, दुधात साय धरायला लागावी इतकीच, आणि तिथे थांबायचं. प्रतिमा गेली चाळीस वर्षं तिथे थांबत आली होती. आणि आता तिला जाणवलं की आज सकाळी पहिल्या सिलिंडरच्या दोन झडपा बसवताना ती जिथे थांबली, तिथेही तिला काही कळलं नव्हतं. ती सवयीनं थांबली होती, रोजच्या वळणावर पाय आपोआप वळावेत तशी.

गाडी इम्पाला, हरिहर टंडनांच्या वडलांनी घेतलेली, टंडनांपेक्षा तीनच वर्षांनी लहान. टंडन लखनौच्या चौक भागातले, चिकनकारी कपड्यांचे व्यापारी, आणि हे शेतही त्यांचंच. नरहर तिथल्या बँकेच्या शाखेत होता तेव्हापासून ते घरी यायचे, आणि प्रतिमा मानक नगरच्या रेल्वे-संशोधन संस्थेतून निवृत्त झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता, कारण डिझेल इंजिनांवर आयुष्य काढलेली एक इंजिनीअर आता रिकामी सापडणार होती. सहा वर्षं गाडी तीच बघत होती. यंदा लिफ्टर झिजून इंजिन इतकं वाजायला लागलं की टंडनांच्या मुलाचा, आशिषचा, धीर सुटला. मुलगा वाईट नव्हता. त्यानं सरळ हिशोब मांडला होता की हे जुनं इंजिन काढून टाकावं, एखादं डिझेल इंजिन बसवावं, सगळे तेच करतात, गाडी निदान रस्त्यावर राहील. उद्या सकाळी गॅरेजचा ट्रक येऊन गाडी उचलून नेणार होता. काल फोनवर तो अगदी अदबीनं म्हणाला होता की आंटी, टिक-टिक बंद झाली तर ट्रकला मी स्वतःच नाही सांगेन. टंडन बापडे आज सकाळपासून शेडच्या भोवती असे घुटमळत होते, जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललं आहे. दुपारी चारला आशिष येणार होता. एक वाजून गेला होता. नवे लिफ्टर घालून झाले होते, पण तेरा झडपा व्हायच्या होत्या, आणि हातात होती ती तिसरी मुकी बसली होती.

तिनं उजवा हात वापरून पाहिला. तो जरा बरा होता, पण जरासाच. बोटांची टोकं कशी होती ते तिला नेमकं सांगता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर. दुखत नव्हती, मुंग्याही नव्हत्या आताशा. फक्त बोटं आणि जग यांच्यामध्ये कुणीतरी एक पातळ पापुद्रा चिकटवला होता. दिवाळीत चिरोटे लाटताना तिला पहिल्यांदा शंका आली. मग ती चोरून परीक्षा घ्यायला लागली. नरहर अंघोळीला गेला की स्वयंपाकघरात डोळे मिटून उभी राहायची, एकेका डब्यात हात घालायची आणि ही तूर, ही चणा, ही मूग असं ओळखायची. पहिल्या आठवड्यात मूग हुकली. जानेवारीत तूर आणि चणा एक झाली. एकदा नरहर अर्ध्या अंघोळीतून टॉवेल विसरला म्हणून बाहेर आला आणि बायको डोळे मिटून डाळीत मनगटापर्यंत हात घालून उभी आहे हे बघून थबकला. काय शोधतेयस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, किडे. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातल्या झाडून सगळ्या डाळी गच्चीवर उन्हात घातल्या, दिवसभर कबुतरं हाकलत बसला, आणि संध्याकाळी एकही किडा निघाला नाही असं विजयी मुद्रेनं जाहीर केलं. तेव्हा सांगून टाकता आलं असतं. पण त्याच्या डोक्यावर कबुतरांपायी बांधलेला पंचा होता, तो इतका खूश होता, आणि तिला हसू आवरेना. हसण्यात ते राहूनच गेलं, आणि खरं म्हणजे राहिलं म्हणून तिला सुटल्यासारखंही वाटलं.

आणि सांगायचं तरी काय. साखर वाढलीय एवढं सांगता येतं, डॉक्टरांना सांगितलंही होतं. पण बोटं, ते निराळं प्रकरण होतं. बोटं तिला उशिरा मिळाली होती. मिरजेची मुलगी, सांगलीला इंजिनीअरिंग, आणि लखनौच्या त्या संस्थेत नोकरीला लागली तेव्हा तिच्या लेखी मोजमाप म्हणजे आकडा, आणि आकडा म्हणजे गेज. पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिनं रेल्वेच्या इंजिन-शेडांसाठी एक सूचनापत्रक लिहिलं होतं: लिफ्टर बसवताना केवळ स्पर्शावर विसंबू नये. ते पत्रक घेऊन ती स्वतः एका शेडमध्ये गेली, साडीचा पदर खोचून, आणि तिथे मोहन नावाचा एक फिटर होता, पन्नाशीचा, गळ्यात मफलर, त्यानं पत्रक दोन्ही हातांनी मानानं घेतलं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि तिला म्हणाला की मॅडम, एकदा डोळे मिटून ही सळई फिरवा. तिनं फिरवली. काही कळलं नाही. त्यानं पुन्हा फिरवायला लावली. दुपार गेली, बाकीचे फिटर गालातल्या गालात हसत होते, आणि मग केव्हातरी तिसऱ्या की चौथ्या तासाला तिच्या बोटांत ते आलं. अगदी बारीक, पण निःसंशय. एखाद्या अनोळखी माणसानं गर्दीत आपल्याला नावानं हाक मारावी, तसं. ती इतकी हरखली की वसतिगृहावर परत आल्यावर पेन, लाटणं, उदबत्ती, हाताला येईल ते फिरवत बसली. पत्रक मात्र तिनं मागे घेतलं नाही, कारण ते बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक खासगी ऐट होती, आणि ती तिनं कुणाला, नरहरलाही, कधी दाखवली नव्हती: मला कळतं. आता कळत नव्हतं, आणि जी ऐट कधी दाखवलीच नाही ती गेल्याचं दुःख तरी कुणापाशी करायचं.

टंडन दारातून डोकावले. चहा पाठवू का, असं त्यांनी विचारलं, जे ते सकाळपासून चौथ्यांदा विचारत होते. ती हो म्हणाली, कारण त्या निमित्तानं ते जरा लांब जातील. मग ती शेडच्या दारात आली. नरहर मटार सोलत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि आज बऱ्याच दिवसांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. तो शेंगांकडे बघतच नव्हता. त्याची नजर लांब विमानतळाच्या बाजूला होती, तिथे हवाईदलाचं एखादं विमान उठतं का हे बघत होता, आणि बोटं आपली आपण काम करत होती: शेंग दाबली, उघडली, अंगठा फिरला, दाणे परातीत. एखादा किडका दाणा आला तर न बघता बाजूला. या माणसाला लग्नानंतर अडतीस वर्षांत कुकरची शिट्टी नीट बसवता आली नव्हती. स्कूटरची हवा कमी झालीय हे त्याला पंक्चरवाल्यानं सांगावं लागायचं. पण त्याची आई वाईची, घरात मुलगी नाही, म्हणून तिनं ह्या मोठ्या मुलालाच लहानपणी गव्हले वळायला बसवलं होतं. भिजवलेल्या रव्याची कणभर गोळी अंगठ्यात आणि तर्जनीत धरून वळायची, तांदळाएवढी, दोन्ही टोकं निमुळती, कमी वळली तर जाडी, जास्त वळली तर तुटते. अजूनही लखनौच्या महाराष्ट्र मंडळात कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका गव्हल्यांसाठी नरहरला बोलावणं धाडत, आणि हा निवृत्त चीफ मॅनेजर सुखानं त्यांच्यात जाऊन बसे. प्रतिमा त्यावरून त्याची तीस वर्षं थट्टा करत आली होती.

"अहो," ती म्हणाली, "जरा आत या. माझे हात तेलकट झालेत, ही कांडी निसटतेय. तुम्ही फिरवा, मी नट आवळते."

"अगं, माझे मटारानं चिकट झालेत," तो म्हणाला.

"चालतील."

त्याला बरंच वाटलं. तिच्या इंजिनाला हात लावायचं निमंत्रण त्याला आजवर कधी आलं नव्हतं. त्यानं बनियनला बोटं पुसली, सळई धरली आणि गव्हला वळावा तशी, कुणी न शिकवता, नेमकी तशीच फिरवायला लागला. तिनं सांगितलं की फिरवत राहा आणि जड वाटली की सांगा. नट खाली येत होता. तिच्या अंदाजानं अजून बराच अवकाश होता तोच तो म्हणाला, लागलं. ती म्हणाली, इतक्यात कसं लागेल, अजून फिरतेय की. तो म्हणाला की फिरतेय, पण आता ती आपणहून फिरत नाहीये, मी फिरवतोय म्हणून फिरतेय. हे वाक्य प्रतिमाला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. पण वाक्यांवर विश्वास ठेवायची तिची सवय नव्हती. इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या झडपांपाशी तेवढी काट्याची डायल गेज बसायला जागा होती, मागे सगळी अडचण. तिनं पुढची, दुसऱ्या सिलिंडरची सळई निवडली, तिला बारीक पकड लावून डायलचं टोक टेकवलं, काटा शून्यावर आणला आणि डायल आपल्याकडे वळवून घेतली, त्याला दिसू नये अशी. नट आवळत आणला. सळई दबली रे दबली की काटा हलणार. तो म्हणाला, लागलं. काटा हलला होता, पण केसाएवढा, वाचायलाही चष्मा लागावा इतका. तिनं सैल करून पुन्हा केलं. पुन्हा तितकाच. मग तिच्या मनात आलं की सगळं नीट होतं त्या दिवसांत, शेडमधल्या, ऐटीतल्या दिवसांत, आपला काटा किती हलत असे. तेव्हा तिनं मोजलं होतं. याहून जास्तच हलत असे. इंजिनांनी कधी तक्रार केली नाही, कारण लिफ्टरमधलं तेल तेवढं सोसतं. तिला राग यायला हवा होता, पण पोटातून हसूच यायला लागलं, आणि ते आवरायला तिनं फडकं तोंडाला लावलं. नरहरनं काळजीनं विचारलं की माझं काही चुकलं का. ती म्हणाली, नाही, पुढची घ्या.

मग चौदा झडपा त्या दोघांनी मिळून बसवल्या. लागलं, तो म्हणायचा, आणि ती पाऊण फेरा मोजायची. मधे एकदा विमान डोक्यावरून गेलं तेव्हा पत्रे थरथरले, तो बोलायचं थांबला, पण बोटं थांबली नाहीत. मधेच चहा आला, मातीचे कुल्हड मडगार्डवर ठेवून दोघांनी उभ्याउभ्या घेतला. एकदा त्यानं तिला अशी सूचना केली की नट जरा सावकाश फिरव, घाई करतेस, आणि तिनं ती ऐकली. इतकी मजा कामात तिला कित्येक वर्षांत आली नव्हती. शेवटची झाली तेव्हा साडेतीन वाजले होते. पहिल्या सिलिंडरच्या त्या दोन झडपा तेवढ्या राहिल्या होत्या, सकाळी तिनं एकटीनं बसवलेल्या. नरहरनं विचारलंही, ह्या दोन? तिथे तर डायलही बसली असती. ती म्हणाली, त्या झाल्यात. त्या चुकल्या असणार हे म्हणताना तिला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं असं नाही, पण सोळातल्या दोन तरी आपल्या असाव्यात असं तिला वाटलं, आणि वाटलं तसं तिनं केलं. झाकणं लावली, बोल्ट आवळले.

चारला आशिष आला. टंडन गाडीच्या उशाशी हात बांधून उभे. प्रतिमानं स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खाकरून चालू झालं आणि सोळाच्या सोळा लिफ्टर एकदम वाजायला लागले. टंडनांचा चेहरा उतरला. तिनं हातानंच थांबा म्हणून सांगितलं, तेल चढायला वेळ लागतो. मग एकेक आवाज गळत गेला, पाऊस ओसरताना पन्हाळीचे थेंब गळत जावेत तसा, आणि मिनिटभरात टिक-टिक पुरती थांबली. आशिषनं कान पुढे केला, बॉनेटखाली वाकून ऐकलं, आणि मोकळेपणानं हसला. त्यानं खिशातून फोन काढला, ट्रकवाल्याला नाही सांगायला. टंडनांनी नरहरला मिठीच मारली. सगळे खूश होते आणि इंजिन लंगडत होतं. इतरांना ते कळत नव्हतं, सहा महिने खडखडाट ऐकलेल्या कानांना ही शांतताच वाटत होती. पण प्रतिमाला ऐकू येत होतं: सात नीट, आठवा पाय ओढत. धुराच्या नळकांड्यातून मधूनमधून फस्स. पहिला सिलिंडर. झडप मिटत नव्हती, नट फार आवळला गेला होता. तिला फक्त गप्प बसायचं होतं. अट टिक-टिकची होती आणि टिक-टिक थांबली होती. चार दिवसांनी एकटी येऊन गुपचूप नट सैल करता आला असता. पण चार दिवसांत ती उघडी झडप जळाली असती, आणि एकटी येऊन तरी ती काय करणार होती, शून्य कुठे आहे ते तिला सांगणार कोण. आशिषनं फोन कानाला लावला होता.

"रुकिए," ती म्हणाली आणि तिनं इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की गव्हातला वारा ऐकू आला. "एक नंबर ठीक नहीं है। वो मैंने बिठाया था, सुबह। मेरी उँगलियों को अब पता नहीं चलता। बाक़ी सब इन्होंने किया है।"

आशिषनं फोन खाली घेतला आणि काय करावं ते न कळून वडलांकडे पाहिलं. टंडन मात्र नरहरकडे असे बघायला लागले, जणू बँकेत इतकी वर्षं आपण भलत्याच कामासाठी या माणसाकडे जात होतो. प्रतिमाला वाटलं होतं की हे वाक्य तोंडून गेलं की काहीतरी कोसळेल. तिनं वाट पाहिली. काही कोसळलं नाही. नरहर तिच्याजवळ आला, त्यानं तिचा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर, जे त्यानं लखनौत कधी केलं नव्हतं, आणि तिच्या बोटांची टोकं आपल्या अंगठ्यानं एकेक करून दाबून पाहिली.

"कधीपासून?" त्यानं मराठीत विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मी डाळी वाळवतोय," तो म्हणाला. "उद्या डॉक्टर. परवा नाही, उद्या."

ती बरं म्हणाली, वाद न घालता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती कडकडून भूक. तिनं झाकणाचे बोल्ट काढले, पहिल्या झडपेचा नट पुरता सैल केला, आणि नरहरनं सळई धरली. डायल पेटीतच होती, तिनं ती काढली नाही. आता बघायला दोघं टंडनही वाकले होते, म्हणून की काय, त्याची जरा घाबरगुंडी उडाली.

"नेमकं कुठे थांबायचं, सांगशील ना?" त्यानं हळूच विचारलं.

"मला काय विचारता," प्रतिमा म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथे मी थांबते."

त्यानं डोळे मिटले. तिनं पाना फिरवायला सुरुवात केली.